अर्जुनाची साल आणि ताईची तारीख

गेवराई, ६ नोव्हेंबर २०२४

ती. वनमालाताईस,
धाकट्या सुंदररावचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर औषधाचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून कागदावर लिहितोय. एसटीच्या कंडक्टरजवळ पिशवी धाडली हाय. नदीकाठच्या अर्जुनाची साल मीच काढून सावलीत वाळवली. चमचाभर भुकटी दूध-पाण्यात उकळून सकाळी प्यायची. सोबत गावरान लसूण हाय. सूनबाई आरोहीला वास सोसला न्हाई तर म्हणावं, मामांचा हुकूम हाय. शेजारचा हरिबा म्हणतो, काळजाला यासारखं औषध न्हाई. तसं तो गुडघ्यालाही हेच सांगतो.

लोभ हाय तेवढा राहू द्यावा, उपदेश कमी करावा.
तुझा सुंदर

अंबाजोगाई, १५ नोव्हेंबर

चि. सुंदररावास अनेक आशीर्वाद.

पिशवी पोचली. एवढी साल धाडलीस, झाडाच्या अंगावर काही ठेवलंस का? लसणानं मांजर घर सोडून गेलं, आरोहीही माहेरी जायचं म्हणतेय. काढा नेमानं घेते. दाराची चौकट चाटल्यासारखा लागतो.

पण गुण मोठा आला. तुला उगाच घोर नको म्हणून बोलले नव्हते, लातूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितलं होतं, तारीखही दिली होती. मामाचं औषध चालू हाय म्हणून सोमेश्वरला ती रद्द करायला लावली. लेकानं बिचाऱ्यानं तसा फोन केला. जिना चढताना मधे बसावं लागतं, पण मला कुठं घाई हाय?

माया असावी, लसूण नसावा.
तुझी ताई

गेवराई, १९ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचलं अन् ताटावरून उठलो. सोमेश्वरला फोन केला, तर म्हणाला तीन नसा बंद हायत. मग आमच्या इथल्या आयुर्वेदाच्या डॉक्टर वर्षाराणी, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मला चांगलंच झापलं. सालीनं बंद नस उघडत न्हाई, अन् रक्त पातळ करायच्या गोळ्यांसोबत असला लसूण विचारल्याबिगर घ्यायचा न्हाई, म्हणाल्या. मी गोळ्यांच्या जोडीला धाडलं होतं गं, ऑपरेशनच्या बदल्यात न्हाई.

आता काढा, लसूण दोन्ही बंद. तुला भ्या वाटतंय, कळतं मला. तुझ्या भावजयीला, गीताला, दवाखान्यात नेलं अन् एकटाच परत आलो, तवापासून मी दवाखान्याची पायरी चढलो न्हाई. तुझ्यासाठी चढतो. सोमेश्वरला नवी तारीख घ्यायला सांगितलीय. कापूस वेचायचा राहू दे, मी येतोय. न्हाई म्हणालीस तर दारात बसून दुधी भोपळ्याचा रस पाजीन.

राग आला तरी आशीर्वाद द्यावा.
सुंदर

अंबाजोगाई, ११ जानेवारी २०२५

चि. सुंदररावास अनेक आशीर्वाद.

काल आरोहीसंगं योगेश्वरीच्या देवळापर्यंत चालत गेले. छाती ओढते, पण दम लागला न्हाई. डॉक्टरांना तुझ्या सालीचं विचारलं. ते हसले न्हाईत. म्हणाले, आधी टाके भरू द्या, मग बघू, गोळी मात्र एकही चुकवायची न्हाई.

मला घरी आणून सोडलंस अन् लगेच कापसाकडं पळालास, म्हणून एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या परळीच्या विमलबाईंनी मला विचारलं होतं, तुम्हाला ऑपरेशनला आत नेल्यावर एक फेटेवाले म्हातारे जिन्यात बसून लेकरावानी रडत होते, ते तुमचे कोण? मी म्हटलं, "आमचे कुणी न्हाईत. आमचा सुंदरराव रडत न्हाई."

बाई मला निरखून बघत म्हणाल्या, पण नाक तर अगदी तुमचंच होतं.

जपून राहावं, येत जावं.
त्याच नाकाची,
वनमालाताई