फक्त नाव बदलतं

मंगळवार, टॅम्पिनीस, सिंगापूर

आज जेवताना रूथ रडली. ऑफिसातली माझी कृष्णवर्णीय अमेरिकन मैत्रीण. तिचे वडील तिकडे पाद्री. पोलिसांच्या गोळीने कुणी काळा मुलगा मेला की मोर्चापुढे उभे राहून बायबलमधल्या जुन्या संदेष्ट्यांसारखे सत्तेला खडसावतात. काल आणखी एक गेला.

"प्रवचन तेच, फक्त मुलाचं नाव बदलतं," रूथ म्हणाली. "बाबांना विचारलं, कुणी ऐकतं का? म्हणाले, नाही. पण गप्प बसणं मला जमत नाही."

फक्त नाव बदलतं... डोक्यातून जातच नाही.

आणि मी? संध्याकाळी भाड्याच्या फ्लॅटसाठी फोन केला. एजंट म्हणाला, "मालकाला इंडियन नकोत." मी चक्क "ओके, थँक यू" म्हटलं!

सई शेजारीच होती. "नेव्हर माइंड लाह, आई," इथल्या मुलांच्या इंग्रजीत सहज म्हणाली.

नऊ वर्षांची पोर. तिलाही सवय झाली.