कानावर पडलेलं

आई, मी बालाघाटला परत आले आहे. सहा महिन्यांसाठी आले होते, आता वर्षभर राहीन असं दिसतं. भरवेलीच्या खाणीवरचं आपलं क्वार्टर पाहायला एकदा गेले होते. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं, दारात मोटारसायकल उभी होती आणि एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हणाले, "किसी से नहीं," आणि निघाले. बोलायला या गावात माझं कोणी उरलेलं नाही. दादा रायपूरला असतो, सणावाराला फोन करतो.

तू गेलीस तेव्हा मी एम.ए.ला होते. नंतर अठरा वर्षं शाळांमधून समुपदेशक म्हणून काम केलं आणि चाळिशी ओलांडल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायची डॉक्टरेट धरली. तुला सोप्या भाषेत सांगायचं तर, मनाच्या आजारांवर बोलून उपचार करायचं शिक्षण. बरोबरची मुलं पंचविशीतली. ती मला दीदी म्हणतात आणि जेवायला आपापली जातात. तिसऱ्या वर्षी कुठल्या तरी दवाखान्यात राहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली पेशंट बघायचे असतात. मराठी आणि हिंदी दोन्ही येणारं कोणी हवं होतं, म्हणून मी हे गाव मागून घेतलं. आपलं गाव आहे, सोपं जाईल, असं वाटलं होतं.

दवाखान्यात ओपीडीच्या मागे मला एक छोटी खोली मिळाली. पूर्वी तिथे सलाइनची खोकी ठेवायचे. दोन खुर्च्या, एक टेबल आणि दाराला आतून कडी. पहिल्या दिवशी मी कडी लावून बघितली आणि तुझी खोली आठवली. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला खाणीच्या टेलिफोन एक्सचेंजवर घेतलं होतं. भिंतीएवढा बोर्ड, लाल दिवे, दोऱ्या, आणि त्यांच्यासमोर तू, डोक्याला हेडफोन. शाळा सुटली की मी तुझ्यामागच्या बाकावर बसून गृहपाठ करत असे. मला तुझंच बोलणं ऐकू यायचं, "हाँ साहब, लाइन दे रही हूँ," आणि मग बराच वेळ काही नाही. कोणाच्या घरी कोण वारलं, कोणाची बदली झाली, सगळं तुझ्या कानावरून जायचं, आणि घरी येऊन तू चिन्नोर तांदळाचा भात टाकायचीस आणि विचारायचीस, "डब्बा खाल्ला का?" मला वाटायचं तुझं काम फार कंटाळवाणं आहे.

मी दहा वर्षांची होते तो दिवस. तू पाणी भरायला बाहेर गेलीस आणि म्हणालीस, "दिवा लागला तं आवाज दे मले." दिवा लागला नव्हता, पण एक लाइन चालू होती. मी हेडफोन लावला. माझ्या मैत्रिणीचा मामा गोंदियाहून तिच्या वडिलांशी बोलत होता. तिच्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या बहिणीच्या पाठीवर पांढरा डाग आहे हे त्या लोकांना कळलं होतं. मी हेडफोन जसा होता तसा ठेवला. संध्याकाळी नळावर मी हे दोन मुलींना सांगितलं. मला काही वाईट करायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघावं. एकीच्या आईनं माझा दंड धरला. "तुले कोण सांगतलं वो?" मी घाबरले आणि म्हणाले, "आईनं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुला बोलावलं. तू तिथे काय बोललीस ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, तुझ्या तेराव्याला आलेल्या ऑफिसातल्या एका काकांकडून. तू म्हणाली होतीस, "हौ, माह्याच तोंडातून गेलं." बोर्ड तुझ्याकडून काढून घेतला आणि तुला टपालाच्या टेबलावर बसवलं. त्या दिवशी तू घरी आलीस, चप्पल काढलीस आणि मला समोर उभं केलंस. मारशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, "काहून सांगतलं?" मी रडायला लागले. तू म्हणालीस, "माह्या कानावर पडलं म्हणून ते माह्यं नाही होत. मंग तुह्यं कसं होईन?" एवढंच. त्यानंतर आयुष्यात एकदाही तू तो विषय काढला नाहीस. ती मैत्रीण महिन्याभरात उकव्याच्या खाणीवर गेली, वडिलांनी बदली मागून घेतली. आणि तू नळावर गेलीस की बायका बोलायच्या थांबायच्या. मी घागर घेऊन तुझ्या शेजारी उभी असायचे. तू पुढे सरकून घागर लावायचीस, भरून घ्यायचीस, निघायचीस. चार वर्षं आपल्या घरी कोणी बसायला आलं नाही. एकदा स्वयंपाकघरात तू तांदूळ निवडत होतीस आणि हळू आवाजात काही बोलत होतीस. मी आत आले तशी थांबलीस. मला वाटलं स्तोत्र म्हणतेस. आता वाटतं, बोलायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःशीच बोलत होतीस.

इतकं सगळं माहीत असून मी काय केलं ते ऐक. आपल्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावातून एक मुलगी दर मंगळवारी माझ्याकडे यायची, पहिलं बाळ पाच महिन्यांचं. घरी सांगायची की दाताच्या डॉक्टरकडे चाललेय, आणि निघताना पदर गालाला लावून बसस्टँडकडे जायची. चौथ्या खेपेला तिनं तोंड उघडलं. "मॅडम, त्याले घेतलं का मले काहीच नाही वाटत. दुसऱ्याचं लेकरू वाटते. कधी कधी वाटते, ठेवून द्यावं खाली अन् निंगून जावं." बाळंतपणानंतर अशी उदासी येते, ती बरी होते, हे मी तिला सांगितलं. ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली. अजून दोन मंगळवार आली आणि थोडी सुधारत होती. बाळ हसलं हे तिनं मला सांगितलं होतं.

मी ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या घरमालकीणबाई संध्याकाळी मला त्यांच्याच ताटाशेजारी वाढायच्या. दिवसभर लोकांचं ऐकून मी खोलीवर यायचे तेव्हा माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्या. एकदा जेवताना मी सांगितलं, नाव नाही, गाव नाही, की एक मुलगी दाताचं सांगून माझ्याकडे येते. आणि मग बाळाचंही सांगितलं. बाई जेवायच्या थांबल्या. "आमच्या मावशीच्या गावची सून तं नाही? तिचे बी दात दुखतेत म्हणे, दर मंगळवारी येते." मी नाही म्हणायला हवं होतं, पण मी गप्प राहिले आणि त्यात त्यांना उत्तर मिळालं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिचा फोन आला. मागे बस थांबल्याचा आवाज होता, घराबाहेरून कुठून तरी बोलत होती. "मॅडम, एक विचारू? तुम्ही माह्यी गोष्ट कोणाले सांगतली काय?"

मी म्हणाले, "नाही."

"सासू लेकरू हातात नाही देत आता. दूध पाजाले आणते, समोर बसते, अन् उचलून नेते. कोणाले कसं मालूम पडलं, मले समजून नाही राह्यलं." मी तिला म्हणाले, मी बघते काय करता येईल ते. फोन ठेवल्यावर मी दवाखान्यातल्या त्या खोलीची आतून कडी लावली.

दोन दिवसांनी मी माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या मार्गदर्शक बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिला काय सांगितलंस?" मी म्हणाले, "नाही म्हणून सांगितलं." "मग आधी तिला फोन कर. माझ्याशी नंतर बोल."

मी केला. म्हणाले, माझ्याकडूनच गेलं, मी तुझ्याशी खोटं बोलले. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मले वाटलं होतं, तुम्ही तरी..." मी तिला गोंदियाच्या एका डॉक्टर बाईंचा नंबर दिला. मार्गदर्शक बाईंनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. तिच्या सासूशीही मार्गदर्शक बाईच बोलल्या. ती तिथे दोनदा गेली एवढं मला कळवण्यात आलं. त्यापुढचं मला कळणार नाही आणि विचारायचा हक्कही नाही. बाळ तिच्याजवळ दिलं की नाही, हे मला माहीत नाही, आई. बसस्टँडवर खैरलांजीची बस लागली की मी उतरणाऱ्या बायकांचे चेहरे बघते आणि ती दिसू नये असंही वाटतं.

माझं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढवलं. पेशंट काढून घेतले, अजून परत दिलेले नाहीत; चाचण्यांचे कागद तपासते. तुझ्या टपालाच्या टेबलासारखंच काम आहे. राहायची ती खोलीही सोडली. घरमालकीणबाई शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "माह्यं काय चुकलं वो? तुम्हीच तं सांगतलं." खरं होतं. आता डबा लावला आहे, डबेवालीची पोरगी दारात ठेवून जाते.

विद्यापीठाच्या चौकशी समितीला मी चार पानी निवेदन दिलं. काय, कधी, कोणापुढे बोलले, सगळं लिहिलं. एका ठिकाणी मात्र लिहिलं की दिवसभराच्या थकव्यात भान सुटलं. समितीनं ते मानलं. पण मी थकलेले नव्हते. दाताचं सांगून झाल्यावर त्या बाईंनी घास हातात तसाच धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मंग?" किती तरी महिन्यांनी कोणी तरी माझं ऐकत होतं. मला ते थांबायला नको होतं, म्हणून मी बाळाचं सांगितलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही.