तू पुसलेला मोर

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुझ्यापेक्षा मोठा झालोय. तरी तुझी आठवण आली की मी पुन्हा शिडीवर असतो आणि तू खाली उभी राहून ओरडत असतेस, "कोपरे पूस, कोपरे! मधात त कोनीबी पुसते!" अकोल्यात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि शहरावर खरा अंमल कापसाचा होता. हंगाम सुरू झाला की कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांतून उडालेली रुई आणि रस्त्यावरची काळी धूळ एकमेकींत मिसळून बंगल्यांच्या काचांवर अशी काही चिकटायची की भर दुपारी घरात कंदील लावावा. आपलं पोट त्या चिकट थरावर चालायचं. बाप बार्शीटाकळीच्या वाटेवर वांगी-मेथी पिकवायचा आणि तू ती जठारपेठेत दारोदार विकायचीस. भाजी देता देता एका घरी तू म्हणालीस, "बाई, तुमच्या काचा लय मळल्या. धुऊन देऊ काय?" तिथून आपला धंदा सुरू झाला. मी तेव्हा लग्न झालेला, अंगापिंडानं चांगला बाप्या होतो, आणि तू मला शिडी धरायला नव्हे, शिडीवर चढायला घेतलंस. बाहेरची बाजू माझी, आतली तुझी.

आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणंही तुझंच. सुरुवातीला एकदा मी गेलो होतो. एक कापडवाला म्हणाला, तुमच्या शिडीनं माझ्या चौकटीचा रंग खरवडला. मी म्हटलं, रंग होता कुठं खरवडायला! झालं, त्याचं काम गेलं. तू भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलंस आणि तव्यावरची भाकरी उलटून म्हणालीस, "तुले भांडाले पाठवलं होतं काय? त्याचं काही बिघडलं, म्हणून तो बोलून रायला. पयले त्याले बोलू त दे." मला ते काही पटलं नाही. माझं म्हणणं, आपली चूक नसेल तर ऐकायचं कशाला? तू म्हणालीस, "भाजीवालीले विचार. वांगं आतून किडकं निघालं त ते म्या किडवलं काय? तरी ऐकाच लागते." त्या दिवसापासून तक्रार आली की तू पदर खोचून पुढं आणि मी मागं, तोंड बंद ठेवून.

तो मोर मला अजून दिसतो. जठारपेठेतल्या वकीलसाहेबांचं घर म्हणजे आपलं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या शब्दावर शेजारची घरं आपल्याला बोलवायची, आणि ज्या जिनाचे ते वकील होते त्याच्या कचेरीच्या खिडक्याही त्यांच्यामुळंच मिळालेल्या. त्या दिवशी रस्त्याकडच्या खोलीतली खिडकी तू आतून पुसतेयस. पडद्यामागं अंधार, काचेवर रुईचा जाड थर, बाहेरची बाजू मी अजून धुतलेली नाही. तू सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवून दाबून फिरवतेस, पिळतेस, पुन्हा फिरवतेस. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मला सांगतेस, "पाय बरं, या घरची धूळ बी रंगीत आहे!" फडक्यातून निळं-हिरवं पाणी गळतंय. आपण दोघंही हसतो. मोठ्या लोकांची धूळही निराळी, असं मीच म्हणालो होतो.

आपण घरी पोचून पाय धुतो न धुतो तोच वकिलांचा गडी दारात. "चला, साहेबांनी बोलावलं. तुमी मोर पुसला."

वाटेत मी तावातावानं बोलत होतो. काचेवर चित्र आहे हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का? पडदा कुणी ओढून ठेवला होता? तू एवढंच म्हणालीस, "तू बोलू नको. तुह्यं बोलनं ऐकून त माह्याच जिवाले घोर लागते." त्या खोलीत गेलो तर वकीलसाहेब उभे, त्यांची आई पाटावर बसलेली, आणि खिडकीपाशी वकिलांची बायको. पुण्याहून लग्न होऊन आलेली, विशीचीही नसावी. काच इतकी लख्ख झाली होती की रस्त्यावरचा बैल आत येतोय असं वाटावं. एका कोपऱ्यात मोराचे दोन पाय तेवढे शिल्लक होते. तो एकच कोपरा तुझ्या हातून राहिला होता, माय.

"हिच्या वडिलांनी पुण्याहून दिलेली काच," वकीलसाहेब म्हणाले. "याची भरपाई तुम्ही काय करणार? उद्यापासून या पेठेत तुमची शिडी दिसता कामा नये."

पेठ गेली म्हणजे जिनही गेलं. मी तोंड उघडणार तोच तू पुढं झालीस. "मीनंच पुसला, साहेब. पोराचा काही संबंध नाही. मले वाटलं, काच मळून हिरवी झाली." मग तू त्या पोरीकडे वळलीस. ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. आतापर्यंत तू सगळ्यांना तुमी म्हणत होतीस. तिचे डोळे पाहिलेस आणि ते तू विसरूनच गेलीस. "काहून रडून रायली वं पोट्टे? कोनं काढला होता तो मोर?"

वकीलसाहेब म्हणाले, "विकत घेतलेला होता." तेव्हा ती हळूच म्हणाली, "नाही. मी काढला होता."

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे, चित्रं काढणं हे रिकामटेकड्यांचं काम. म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं की काच बाजारातली आहे. नवऱ्यालासुद्धा. त्या घरात आपलं म्हणून तिनं काही आणलं असेल तर तो मोर, आणि तो आपण सोड्याच्या पाण्यात धुऊन नालीत ओतला होता.

"बापा बापा!" तू कमरेवर हात ठेवलेस. "तुनं काढला? मंग काढ ना पुन्हा! मी रंग आनून देतो." वऱ्हाडात बायकाही 'देतो' म्हणतात हे त्या पुणेकर पोरीला ठाऊक नव्हतं. रडता रडता ती तुझ्याकडे बघतच राहिली.

"आमच्याकडे सुनांना असले उद्योग नसतात," सासूबाई पाटावरून म्हणाल्या.

तू त्यांच्यापाशी जाऊन जमिनीवर बसलीस. अगदी आपलेपणानं म्हणालीस, "आईसाहेब, बरोबर आहे तुमचं. पन आता काच मोकळी झाली. रस्त्यानं जानारा हरएक मानूस तुमच्या घरात पायते. तो पाहा, पानवाला पाहूनच रायला." खरंच समोरचा पानवाला मान उंचावून बघत होता. मी आजही शपथेवर सांगेन, त्याला तू बोलावलं नव्हतंस. सासूबाईंनी पदर सारखा केला. खिडकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "काढ हो," त्या म्हणाल्या. "पण स्वयंपाक आटोपल्यावर."

कोर्टात वकीलसाहेबांना असा निकाल कधी मिळाला नसावा.

दुसऱ्या दिवशी तू बैलगाड्या रंगवणाऱ्याकडून तेलाचे रंग आणलेस, पाण्यानं न जाणारे. त्याच्याकडे हिरवा नव्हता. त्या पोरीनं निळ्यात पिवळा घालून हिरवा करून दाखवला आणि तू टाळी वाजवलीस. काम काही दिवस चाललं. काच पुसायच्या निमित्तानं तू रोज तिथं जाऊन बसायचीस, मी बाहेरून शेजारच्या घरांच्या काचा धुवायचो आणि तुमच्या दोघींच्या गप्पा ऐकायचो. ती तुला मावशी म्हणायला लागली. तुझ्याकडून 'का'ला 'काहून' म्हणायला शिकली आणि एकदा जेवताना नवऱ्याला म्हणून गेली, तेव्हा सासूबाईंच्या हातातली पळी तशीच थांबली. ते सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. इथं आल्यापासून आपल्याशी इतकं कुणी बोललंच नाही, असंही ती म्हणाली. तू म्हणालीस, "लोक बोलतेत वं, पन तुले वाटते भांडून रायले."

मोर पुरा झाला तेव्हा सगळे बघायला जमले. मीसुद्धा पाय पुसून दाराशी उभा राहिलो. पिसारा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रस्ता पार झाकलेला. तू म्हणालीस, "पिसारा झकास. मान मातर बैलासारखी जाड झाली."

मी डोळे मिटले. म्हटलं, आता गेली पेठ. आणि ती हसायला लागली, माय. वाकून, भिंतीला धरून. वकीलसाहेब आधी बायकोकडे चमकून बघत राहिले आणि मग स्वतःच हसले. आपल्या बायकोचं असं मोकळं हसणं त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं असावं. सासूबाई म्हणाल्या, "जाडच आहे मान," आणि सगळ्यांना चहा ठेवायला सांगितला. आपल्यालासुद्धा.

पुढं शेजारच्या घरांनी तिच्याकडून काचेवर कमळं काढून घेतली, कुणी राघू. धुवायला मात्र आपणच. मग वकीलसाहेबांना नागपूरला जावं लागलं. निघताना ती तुझ्या गळ्यात पडली आणि त्या दिवशी घरी येताना तू सारखी पदरानं डोळे पुसत होतीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही रे, डोयात रुई गेली."

आता माझं अमरावतीत काचेचं दुकान आहे. दोन माणसं पुसायला जातात, तक्रारी माझ्याकडे येतात. या महिन्यात एकही आली नाही. दुकानातली पोरं खूश आहेत. मीही त्यांच्यासमोर तसंच दाखवतो. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो. तक्रार आली नाही की मला करमत नाही. कुणी चिडून दारात आलं, त्याला बसवलं आणि "बोला, काय झालं?" असं विचारलं, की माझ्या तोंडून तुझा आवाज निघतो, आणि तो मला ऐकायचा असतो.