धबधब्याच्या व्हिडिओत बूट का दिसतात, याचा खुलासा

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घालायचं मनात होतं, पण सध्या कंबर धरली आहे. खाली गेलो तर वर कोण काढणार हा प्रश्न आहे, म्हणून उभ्याउभ्याच घातलेला गोड मानून घे. (बसताही येत नाही. हे पत्र फ्रिजवर कागद ठेवून लिहितो आहे. मधेच कुणीतरी दूध काढायला दार उघडतं, तेव्हा एखादी ओळ घसरली तर दोष माझा नाही.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजींची मी करून दिलेली कवळी बसली का नीट? हसताना सुटते म्हणालीस. त्यांना म्हणावं, आठ दिवस जरा गंभीर राहा. हिरड्यांना सवय झाली की मग कितीही हसा.

तू फोनवर विचारलंस, की धबधब्याच्या नव्या व्हिडिओत चार मिनिटं नुसते माझे बूट का दिसतात, आणि मग एकदम केळं खाणारा माणूस का येतो. मी तेव्हा "नवीन शैली आहे" असं काहीतरी पुटपुटलो, कारण ही शेजारीच उभी होती. खरं काय ते पत्रातच सांगता येईल. शिवाय तुला खुलासा देणं माझं कर्तव्यच आहे. माझे व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारी तू एकटी. त्या व्हिडिओला एकतीस वेळा पाहिल्याची नोंद आहे, त्यातल्या सात वेळा तू आणि वीस वेळा मी.

हे वेड मला कसं लागलं ते तुला माहीत आहेच, तरी सांगतो. (तुला पाल्हाळ आवडत नाही हेही मला माहीत आहे, पण कंबरेमुळे मला दुसरं काही करताच येत नाही.) दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी बावीस वर्षं कवळ्या घडवतो आहे. खोलीला खिडकी नाही. समोर फळीवर अनोळखी लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, हातात मेण, डोळ्यांपासून एक वीत अंतरावर कुणाची तरी दाढ. गेल्या वर्षी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अहो, जरा लांबचंही बघत जा. मी डोंगर बघायला लागलो. डोंगर बघितला की कुणाला तरी दाखवावासा वाटायला लागला, आणि त्यातून कॅमेरा आला. गेल्या आठ महिन्यांत आम्ही चौदा डोंगर चढलो. "आम्ही" म्हणजे मी आणि ही. ही एका रविवारीही "नको" म्हणाली नाही. मला वाटायचं, हिलाही माझ्याइतकीच ओढ लागली आहे.

तर गेल्या रविवारी धबधबा. या खेपेला मी हिच्या मोठ्या भावालाही बरोबर घेतलं. आमचे मेहुणे गाडी चालवायला शिकवतात हे तुला आठवत असेल. (तुझ्या लेकीला त्यांनीच शिकवलं होतं. ती अजून सायकलच चालवते.) त्यांचा आवाज दणदणीत, म्हणून म्हटलं, निवेदन त्यांनी करावं. त्यांच्या कॉलरला मी छोटा माइक लावला. हा माइक मोठा गुणी आहे, ऐकलेलं सगळं स्वतःच्याच पोटात साठवून ठेवतो. दुसरा मोठा माइक कॅमेऱ्यावर, आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला केसाळ टोपडं घातलेलं.

पायथ्याशीच एक कुत्रा भेटला. त्याने त्या केसाळ टोपड्याकडे बघितलं आणि त्याला तो उंदीर वाटला की दूरचा नातेवाईक, देव जाणे. पण त्याने ते उपटलं आणि पळाला. मेहुण्यांनी कॉलरचा माइक काढून हिच्या हातात दिला आणि ते "थांब! डावीकडे घे! डावीकडे!" असं ओरडत त्याच्यामागे धावले. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा टोपडं ओलंचिंब होतं आणि मेहुणेही. कुत्रा मात्र शेवटपर्यंत आमच्याबरोबर चालला, आणि तिघांपेक्षा आधी वर पोहोचला.

मला एकच दृश्य हवं होतं. दगडी पायऱ्या, ही पाठमोरी वर चढत जाते, आणि वळणावर एकदम समोर धबधबा. पहिल्यांदा चढली तेव्हा लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं होतं. दुसऱ्यांदा चढली तेव्हा वळणावर मेहुणे केळं खात उभे. तिसऱ्यांदा कुत्रा. चौथ्यांदा ढग आला आणि पाणीच दिसेना. पाचव्यांदा सगळं जमलं. मी म्हटलं, वा, आता हेच जरा हळू. म्हणून सहाव्यांदा. दरवेळी ही खाली उतरायची आणि पुन्हा चढायची. साठ पायऱ्या होत्या, ताई. मी नंतर मोजल्या.

मग मी ओढ्याच्या पलीकडून, बाजूनं धबधबा घ्यायला गेलो. ही आणि मेहुणे खडकावर बसले. कॅमेरा डोळ्याला लावून एक पाऊल मागे, अजून एक पाऊल मागे, आणि तिसरं पाऊल शेवाळावर. मी ओढ्यात बसलो. कॅमेरा तेवढा वर धरला. (माणूस बुडताना पोर वर धरतो तसा. मला त्याक्षणी स्वतःचा अभिमान वाटला. कंबरेला नाही वाटला.) मेहुणे काठावरून "ब्रेक! ब्रेक!" ओरडत होते. शेवटी त्या दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरून, खोका उतरवावा तसा खाली आणलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, माझ्या त्या खोलीत, कानाला हेडफोन लावून मी चित्रण बघायला घेतलं. आणि बूट दिसले. मग पिशवीचा आतला भाग. मग आकाश, उलटं. झालं असं होतं, की सकाळी कॅमेरा पिशवीत भरताना बटण एकदा दाबलं गेलं होतं. त्यामुळे दिवसभर मी सुरू करायला दाबलं की तो बंद व्हायचा आणि बंद करायला दाबलं की सुरू. चित्रण चालू असलं की कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो म्हणतात. पण तो ठिपका बघायला जवळचा चष्मा लागतो आणि डोंगर बघायला लांबचा. मी डोंगर निवडला.

म्हणजे सहा वेळा चढलेली ही एकदाही आली नव्हती. आली होती ती उतरतानाची. गळ्यात लटकलेल्या कॅमेऱ्यानं आपल्या मनानं घेतलेली, तिरकी. कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी आडवी उतरणारी. खाली पोहोचली की एका हातानं गुडघा दाबायची, मग माझ्याकडे बघून हात हलवायची, की तयार आहे. ताई, ही आडवी उतरते हे मी आधीही पाहिलं होतं. मला ती तिची लकब वाटायची. चौथ्या डोंगराच्या व्हिडिओत मी त्याला संगीतही लावलं आहे.

मग कॉलरचा माइक ऐकला. त्यात अर्धा तास मेहुण्यांचं निवेदन, मग कुत्रा, मग बराच वेळ नुसती चालण्याची खरखर, आणि मग खडकावरचं बोलणं. मी आपलं जसंच्या तसं उतरवतो.

मेहुणे म्हणाले, "अगं, गुडघा केवढा सुजलाय. डॉक्टरकडे गेली नाहीस?"

ही म्हणाली, "गेले होते. ते म्हणाले, चढउतार बंद. सपाट चाला हवं तेवढं."

"मग येतेस कशाला?"

"ह्यांना एकटं सोडू? कॅमेरा डोळ्याला लावला की पायाखाली काय आहे ते दिसत नाही ह्यांना."

मागे पाण्याचा आवाज. (आवाज छान आला आहे, तो वेगळा काढून ठेवतो.) मग ही पुन्हा बोलायला लागली, पण अगदी हळू, मला दोनदा मागे घेऊन ऐकावं लागलं. "दादा, इतकी वर्षं हे घरी यायचे, केसांत प्लास्टर, गप्प जेवायचे, गप्प झोपायचे. मला वाटायचं माझंच काही चुकतंय. आता जेवताना ढगाबद्दल बोलतात रे. काल अर्धा तास एका ढगाबद्दल बोलले. मी भाकरी करता करता..." आणि इथे धप्प असा आवाज येतो, आणि ही ओरडते, "अगं बाई, हे पडले!"

मी हेडफोन काढले. समोर बावीस जबडे मांडलेले, सगळे उघड्या तोंडानं माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात डॉक्टरांनी दारातून डोकावून विचारलं, की बाहेर बसलेल्या बाईंची वरची कवळी झाली का. मी झाली म्हणून दिली. ती खालची होती. बाई पंधरा मिनिटं आरशासमोर बसून तोंड मिटायचा प्रयत्न करत होत्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवसापासून मला हिच्याशी धड बोलता येत नाही. ऐकलं म्हणून सांगावं, तर चोरून ऐकल्यासारखं होतं. न सांगावं, तर रविवार येतोच आहे. काल मी सहज म्हटलं, "आता महिनाभर डोंगर नकोत." ही म्हणाली, "का? कंबर तर आठवड्यात बरी होईल." मी म्हटलं, "कॅमेऱ्यालाही विश्रांती हवी." मग मी तिच्या हातातली बादली घेतली, आणि कंबरेत चमक आली म्हणून तीच बादली तिनं परत घेतली. चौदा डोंगर, ताई. मी घरी बसून आकडेमोड केली, किती पायऱ्या ते. तुला तो आकडा लिहीत नाही.

असो. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. इकडची काळजी करू नये. थोडी केलीस तरी चालेल.

तुझा,
फ्रिजला टेकलेला भाऊ

ता. क. भाऊजींनी कवळी गरम पाण्यात ठेवू नये. वाकडी होते आणि मग नाव माझं खराब होतं.

आणखी ता. क. एक मागणं आहे, खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. हिला तू बोलावून घे. पंधरा दिवस तरी. म्हणावं, तुला बरं नाही, सोबत हवी. तुझ्याकडे जिना नाही, बाग सपाट आहे, गुडघ्याला आराम पडेल. माइकचं मात्र तिला अक्षरानंही कळू देऊ नकोस.

शेवटचं ता. क. बोलावशील तर येत्या रविवारच्या आधीच बोलाव. उत्तरेकडच्या सुळक्यावर या महिन्यात सकाळी ढग खाली उतरतात म्हणे. ही इथे असली तर मला एकट्याला जाऊ देणार नाही.

---

ताई, नमस्कार. हे मी लिहिते आहे. पत्र फ्रिजवर उघडंच होतं आणि मला दूध हवं होतं.

मला बोलावू नका. तुम्हाला काही झालेलं नाही हे मला ठाऊक आहे. माझा गुडघा ठीक होईल, आणि सुळक्यावर कुणीही जाणार नाही. रविवारी आम्ही तळ्याकाठी सपाट रस्त्यानं चालणार आहोत. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्या माइकचं म्हणाल, तर दादानं माझ्या हातात दिला तेव्हा तो चालू आहे हे मला दिसत होतं. तो मीच जॅकेटच्या आत लावून ठेवला. आठ महिने मी ह्यांना तोंडावर सांगत होते, की माझा गुडघा दुखतो. हे "हं" म्हणायचे आणि पडद्याकडे बघायचे. हेडफोनमधून आलेलं मात्र हे तीन-तीनदा ऐकतात. म्हणून म्हटलं, तिथेच सांगून बघू.

तेवढं ढगाचं जे बोलले, ते बोलताना माइक चालू आहे हे मी विसरून गेले होते.