माझ्या बाकावरून मेजापर्यंत

अप्पा, येत्या रविवारी तुमच्या नातीचं पहिलं प्रभुभोजन आहे, मेजापाशी जाऊन पहिल्यांदाच प्रभूची भाकर घ्यायची. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मल्लेश्वरमच्या आपल्या त्याच मराठी उपासनेत तिला माझ्याशेजारी गुडघे टेकायचे आहेत. "आई, सगळे पुढे जातात, तू बाकावरच का बसून राहतेस?" असं तिने काल विचारलं आणि मी गुडघ्यांच्या दुखण्यावर ढकललं. देवळातल्या गोष्टीसाठीही मला थापच सुचली बघा.

खरं कारण तुम्ही आहात. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून सुटलात की पिऊन यायचं आणि आईवर हात टाकायचा, हे आपल्या घरचं नेहमीचं. मग एका रविवारी तुम्ही साक्ष द्यायला मंडळीपुढे उभे राहता आणि रडत रडत सगळं सांगता. दारू, मारहाण, आईचं मोडलेलं मनगटसुद्धा. पाळक तुम्हाला मिठी मारतात, बायका डोळे पुसतात. आई माझ्याशेजारी पदराखाली हात झाकून बसलेली. न्हाणीघरात पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. तुमचं पाप उतरलं आणि तिची अब्रू गेली. तिला विचारलं होतंत का?

घरी आलात ते शीळ घालत. "अगं, ऐकलंस ना? देवानं सगळं पुसलं. आता सगळं सरी, सगळं ठीक झालं."

आई कुकर उघडत म्हणाली, "ऐकलं. वाढू का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अप्पा, तिची माफी मागितलीत?" तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, "देवानं पुसलेलं उकरून काढणारी तू कोण?"

त्यानंतर तुम्ही थेंबाला शिवला नाहीत, हात उगारला नाहीत. तेच तर अवघड आहे. ढोंगी निघाला असतात तर मी केव्हाच सुटले असते. तुम्ही मोकळे होऊन गेलात आणि मी मागे अडकले. मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी समेट करा, मग मेजापाशी या, असं पाळक दर वेळी सांगतात. समेट कुणाशी करू, कबरीच्या दगडाशी? म्हणून बसून राहते. लोक माझ्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जातात. ती भाकर माझ्यासाठी नाही, हे मी कधीच ठरवून टाकलंय.

आज दुपारी आई मटार सोलत बसली होती. मी विचारलं, "तू त्यांना कसं माफ केलंस गं?"

"एकदम कुठलं? रोज करत होते. एखाद्या दिवशी नाही जमायचं."

"तरी मेजापाशी जायचीस?"

"जमत नव्हतं म्हणूनच तर जायची, बाई. जमलं असतं तर कशाला गेले असते?" आणि तिने मटारांची परात माझ्याकडे सरकवली.

अप्पा, तुम्हाला मी अजून माफ केलेलं नाही. हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू. रविवारी पोरीबरोबर उठायचं म्हणतेय. पाय ऐनवेळी काय करतील, ठाऊक नाही. पण उठले, तर ते तुमच्यासाठी नसेल. तुमच्यावर रागावून राहणं मला आवडायला लागलं होतं. त्याची देवाकडे माफी मागायची आहे.