लिवणारो खंय उभो होतो?

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुमच्या जागेवर बसून पेपर मी वाचतो. मांगरात, जाळ्यांच्या त्या खोपटात, त्याच पालथ्या टोपलीवर. समोर सगळे जाळी दुरुस्त करत असतात. तुम्ही वाचायचात तेव्हा पेपर मुंबईच्या आगबोटीनं शिळा होऊन यायचा, तरी सगळे कान देऊन ऐकायचे. अग्रलेख संपला की तुम्ही बिडी पेटवायचात. कोणीतरी म्हणायचं, "मगे?" मग तुम्ही एवढंच विचारायचात, "लिवणारो खंय उभो होतो?" रीतच ती आपली. पेडव्यांचा थवा दिसला असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं, कुठून बघितलंस, खडपावरून की होडीतून? त्याशिवाय कोणी होडी लोटत नाही. एकदा एका संपादकानं लिहिलेलं, हे बंदर मी पाहिलेलं नाही, म्हणून खात्रीनं सांगत नाही. तो पेपर तुम्ही सगळ्यांच्या हातात दिलात, वाचता न येणाऱ्यांच्यासुद्धा.

आता तसं कोणी लिहीत नाही. चीन, ऊस, पोरींच्या वेण्या, सगळ्यावर तोच माणूस, त्याच जोरात. कंटाळून मी मधे पदरचं घुसडायला लागलो. राष्ट्राच्या उभारणीत कोळंबीचं स्थान, असलं काहीबाही. वाटलं, पकडतील. तर सगळे माना हलवतात. मग मी नांग्या उगारणाऱ्या कुर्ल्यांना मताचा हक्क मागितला, तेव्हा कुठे हसले, आणि मी पकडला गेलो. परवा अग्रलेख आला की दर्यातली मासळी कधी संपणार नाही, होडीला इंजिन लावा आणि सुखी व्हा. मी अक्षर न बदलता वाचला, तर मांगर पोट धरून हसतोय. काका तेवढा हसला नाही. तुमची होडी गहाण टाकून तो इंजिन घ्यायचं म्हणतोय.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरां सांग, ह्यां छापलेलां आसा काय तुझां?"

छापलेलं, म्हटलं.

"मगे खरां?"

इथे मी अडकलो बाबा. माझी कोळंबी आणि ह्याची मासळी, दोन्ही वाचताना सारखीच वाटली. इंजिन वाईटच असं तरी मी कशावरून म्हणू? मालवणात एकानं बसवलंय, तो खूश आहे म्हणतात.  शेवटी तुमचंच वाक्य टाकलं, लिवणारो खंय उभो होतो?

काकानं माझ्याकडे बघितलं. "आणि तू रे खंय उभो आसस?"

उद्या तो मालवणला जातोय, त्या इंजिनाच्या होडीत बसून बाहेर दर्यात जायचं म्हणतो. मलाही चल म्हणाला. मी हो म्हटलं. गावाला वाटतं मी आळशी, म्हणून दर्यावर जात नाही. होडी हलली की माझं पोट ढवळतं, हे तुम्ही एकट्यानं ओळखलं होतं, आणि लोकांना सांगत होतात, पोराक वाचूक ठेवलंय.

हा कागद टोपलीखाली सारून ठेवतो, दुसरीकडे कुठे धाडणार? आत्ताच आयेकडे कोकमाची दोन सोलं मागितली, तोंडात धरायला. कशाला ते तिला सांगितलं नाही.