कठड्याचे बेचाळीस खांब

६ जानेवारी, सोमवार

किल्ला मला मिळाला!

सरांनी सकाळी कागदाची गुंडाळी माझ्या टेबलावर टाकली. "सृष्टी, हा तू कर." एवढंच. मल्लिकार्जुन सरांच्या आर्किटेक्ट ऑफिसात दोन वर्षं झाली. आजवर मी दुसऱ्यांच्या बंगल्यांचे जिने आणि बाथरूम काढले. आणि आता किल्ला! बार्शी रोडला, वैरागच्या अलीकडे, नऊ एकरांत रिसॉर्ट. चार बुरुज, पाण्याचा खंदक, धूर सोडणारा ड्रॅगन. मालक हिंदुराव, वैरागचे तुरीचे व्यापारी. चार वर्षांच्या नातीचं नाव दिलंय — 'आरोही कॅसल'.

दुपारी ते स्वतः आले. "आपला भुईकोट हाय की, पण काळा. मला गुलाबी पायजे. गड्ड्याच्या जत्रंला माणसं कशी पाळण्यात बसायला येत्यात, तशी हितं बारा म्हयने आली पायजेत. पोराबाळांसकट."

मी म्हटलं, भुईकोटाचा दगड संध्याकाळी फार सुंदर दिसतो. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "पोरगी कुठली?" सर म्हणाले, सांगोल्याकडची. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं, स्पष्ट सांगितलं.

"म्हंजी मेंढरामागची!" आणि हसले. वाईट हेतू नसेल. पण हसले.

मेंढरामागचीच. बघाच आता.

९ जानेवारी

एकच माप आठ वेळा मोजलं. सर म्हणतात, तुला मोजायचा आजार आहे. असू दे.

१७ जानेवारी

आज सगळ्यात अवघड भाग सुटला. दोन बुरुजांच्या मधे पूल आहे, जमिनीपासून सोळा फूट उंच. नाव 'राजकन्येचा पूल'. पोरं एका बुरुजातून चढणार, पुलावरून धावत दुसऱ्या बुरुजात जाणार आणि घसरगुंडीवरून खाली. इंटरनेटवर असल्या पुलांचे शेकडो फोटो आहेत. एकही उतरवला नाही! कठड्याचे खांब माझे मी काढले. पायाशी आणि माथ्याशी भरीव, कमरेत बारीक. उभ्या डमरूसारखे. एका बाजूला एकवीस, दुसऱ्या बाजूला एकवीस. मावळतीचं ऊन त्यातून आलं की पुलावर डमरूच डमरू पडतील.

दोन खांबांमध्ये फट चार इंच. त्यापेक्षा जास्त नाही.

आणि दारावर ड्रॅगनऐवजी एडका काढला. वळलेल्या शिंगांचा, छाती काढून उभा. का नाही? राखण करायची तर एडक्यासारखं कोण करतं?

२८ जानेवारी

एडका नापास. "एडका बघायला कोण येतंय? आमच्या शेजारी बांधलेला हाय की!" — इति हिंदुराव. पण कठडा पास! खांबांवरून बोट फिरवत म्हणाले, "ह्ये मातूर झ्याक हाय." सरांनी नुसती मान हलवली. त्यांचं मान हलवणं म्हणजे शाबासकी.

१८ फेब्रुवारी

साइटवर गेले होते. शिवू मिस्त्रींनी कठड्याचा नमुना ओतून जमिनीवर उभा केला होता, गुलाबी रंग देऊन. लांबूनच खटकलं. काहीतरी गेलं होतं. जवळ जाऊन मोजलं. एक सोडून एक खांब गाळलेला. फट चार इंच नाही, एक फूट!

"मिस्त्री, हे काय?"

"हिंदुराव साहेबांनी सांगितलं, ताई. म्हणले, दाट लागल्यात, तुरुंगावानी दिसतंय. पोरांची तोंडं फोटोत आली पायजेत."

"आणि सर?"

"सर व्हय म्हणले की."

ऑफिसात आल्यावर सरांनी ड्रॉइंग पुढे सरकवलं. एक खांब सोडून एक खोडायचा, आणि कोपऱ्यात 'तपासले' असं लिहिलंय तिथं माझी सही. मी म्हटलं, उद्या सुट्टी आहे, परवा सांगते. सांगायचं काय होतं त्यात? त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. घाबरले.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. रस्त्यावर ढोल, भगवे, ट्रॅक्टरवर पुठ्ठ्याचे किल्ले. खोलीत बसून लिहिते आहे.

मी आठ वर्षांची होते. उन्हाळ्यात मेंढरं पंढरपूरच्या पलीकडे कुणाच्या तरी रानात बसवली होती. मेंढरांभोवती वाघर लावायची — खुंट्यांवर ताणलेली दोरीची जाळी. दिवस मावळायच्या आत आप्पा वाघरीभोवती फिरायचे आणि जाळीच्या घराघरात मूठ घालून बघायचे. मूठ अडली पाहिजे. मूठ गेली तर कोकराचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग मागोमाग येतं. ते काम त्या वर्षी मला दिलं. पहिलं काम! अंकसुद्धा मी शाळेत नाही, वाघरीची घरं मोजत शिकले.

त्या संध्याकाळी मला खेळायला जायचं होतं. खुंट्यांजवळची घरं तेवढी बघितली, पळत आले आणि सांगितलं, "आप्पा, बघितली." दोरीला मधे झोळ पडला होता. सकाळी तीन कोकरं नव्हती. ओढ्यापाशी लांडग्याचे पाय उमटले होते.

आप्पा ओरडले नाहीत. सुतळीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि मी झोळ आवळून होईपर्यंत शेजारी बसून राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मोजते. तेव्हापासून, न बघता "बघितलं" म्हणत नाही.

२० फेब्रुवारी

नाही म्हटलं! सरांच्या समोर उभी राहून म्हटलं.

"सर, चार इंच नियमात आहे."

"नियम कठड्याला. आपण लिहू, शोभेची जाळी."

"पोरगं पडताना वाचणार आहे का, शोभेची आहे म्हणून?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळू म्हणाले, "सृष्टी, सोलापुरात असलं काम दहा वर्षांतून एकदा येतं. तुझं नाव होईल."

"म्हणूनच सर. माझं नावच तर मागताय तुम्ही तिथं."

हे मी बोलले? मीच बोलले!

१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

हिंदुराव घरच्यांना घेऊन साइटवर आले होते. सून पूनमताई, नात आरोही. आरोहीला परीचा झगा, पाठीला पंख. नमुना अजून जमिनीवरच उभा. मी म्हटलं, साहेब, ही फट बघा, पोर जाईल यातून. ते म्हणाले, "कुटं जातंय! पोरास्नी अक्कल असती."

तेवढ्यात आरोही गेली! सरळ, आडवीसुद्धा न होता. खांबांच्या मधून पलीकडे. पंख तेवढे अडकले, ते ओढून घेतले. पलीकडून टाळ्या वाजवत, "आजोबा, बघा!"

आणि सगळे हसले. सगळे! हिंदुराव म्हणाले, "बगा, आमची परी भिंतीतनं जाती!" परत कर म्हणाले. ती परत गेली. तीन वेळा. मोबाइलवर व्हिडिओ काढला. सर हसले. शिवू मिस्त्री हसले. पूनमताई हसत होत्या, मग थांबल्या.

मी ओरडले. "वर सोळा फूट आहे! पलीकडे काही नाहीये!"

"मास्तरीणबाई," हिंदुराव शांतपणे म्हणाले, "पाटी लावू की. 'पालकांनी लक्ष द्यावे.' झालं?"

३ मार्च

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं — "हा बदल मला मान्य नाही. मी सही करणार नाही." खाली पूर्ण नाव. तारीख. तेच एका कागदावर लिहून हिंदुरावांना पोस्टाने पाठवलं. पावती जपून ठेवली आहे.

सरांनी किल्ला काढून घेतला. आता माझ्याकडे जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याचा जिना आहे. बरं. जिना तर जिना. त्याच्याही पायऱ्या मी मोजणारच!

५ मार्च

घरी फोन केला. आई म्हणाली, "मालकाशी कशापायी भांडतीस? दोन वर्सं टिकलीस, आनी टिक की." मग फोन आप्पांकडे गेला. मी सगळं सांगितलं. मागे मेंढरं ओरडत होती.

"मूठ अडती का तितं?"

"मूठ कसली आप्पा, आख्खं पोर जातंय."

"मग बरुबर हाय तुजं."

११ मार्च

काही नाही. पत्राला उत्तर नाही. सर फक्त कामापुरतं बोलतात. आज दोनदा वाटलं, सही करून टाकावी. वाटलं ते लिहून ठेवते, लपवणार नाही. केली नाही.

१५ मार्च

पूनमताईंचा फोन! नंबर कुठून मिळवला माहीत नाही.

"तो व्हिडिओ मी रोज बघतेय. आधी हसू यायचं. मग एकदा खालची जमीन बोटानं झाकून बघितलं." मग म्हणाल्या, "मामंजींना सांगितलंय, उद्घाटनाची फीत आरोही खालीच कापंल. पुलावर ती जाणार नाही. ज्या कॅसलला तिचं नाव, त्याच्या पुलावर तीच नाही — लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, ते तुमी ठरवा म्हटलं."

"मग काय म्हणाले?"

"जेवले न्हाईत." आणि हसायला लागल्या.

१८ मार्च

हिंदुराव ऑफिसात आले. बसले नाहीत. माझं पत्र टेबलावर ठेवलं, घड्या पडून मऊ झालेलं.

"मास्तरीणबाई, तुमच्यासारखा हट्टी एडका मी मेंढरांच्या बाजारातसुदिक बघितला न्हाय."

"हो साहेब."

"तुमचं पयलं चित्र हाय का अजून?"

"आहे."

"तसंच करा. बेचाळीसच्या बेचाळीस. एक बी कमी न्हाय. आनी सही तुमचीच पायजे, मल्लिकार्जुनची न्हाय." दारापर्यंत गेले आणि वळले. "अक्षय तृतीयेला उद्घाटन हाय. पत्रिका छापल्यात. त्यात आता मागंपुढं न्हाय, सांगून ठेवतो."

सरांनी किल्ल्याची गुंडाळी पुन्हा माझ्या टेबलावर आणून ठेवली. यावेळी टाकली नाही, ठेवली.

सही केली.

२० एप्रिल, रविवार

बसले! बेचाळीस खांब पुलावर बसले. शिवू मिस्त्री म्हणाले, "ताई, तुमी आता तरी घरला जा." गेले नाही. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यांवर सरकत गेले, प्रत्येक खांबाच्या पायाशी टेप लावली. चार. चार. चार. दोन्ही बाजू. एकही चुकला नाही.

संध्याकाळी ऊन आलं आणि पुलावर डमरू पडले. मी जानेवारीत लिहिलं होतं तसेच! पूनमताई आरोहीला घेऊन आल्या होत्या. तिने फटीत खांदा घालून बघितला, अडला, आणि रागावली — "आता परीला जाता येत नाही!" मी म्हटलं, नाहीच यायचं परीला.

ती रागावली आणि मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मेंढरामागची म्हणाले होते. बघा म्हणावं, मेंढरामागचीने काय राखलंय.

उद्या आप्पा येणार आहेत. मेंढरं सध्या मोहोळकडे बसली आहेत, तिथून एसटीने सोलापूर. सांगितलं, आप्पा, तुमच्या मुठीने बघा.

२१ एप्रिल, सोमवार

आप्पा पायाशी वाकलेच नाहीत. उभे राहिले आणि खांबांच्या कमरेपाशी मूठ घातली. मूठ गेली. मनगट गेलं. कोपरापर्यंत हात पलीकडे.

"मधी बघितलं हुतंस?"

"न्हाय आप्पा."

कमरेपाशी टेप लावली. सहा इंच. आरोही अडते. दोन वर्षांचं पोर अडणार नाही.

तिथूनच, पुलावरूनच, हिंदुरावांना फोन केला. म्हटलं, बेचाळीसच्या बेचाळीस काढायचे. म्हणाले, उद्घाटन नऊ दिवसांवर हाय. मग — "आनी आता कुणाचं चुकलं, मास्तरीणबाई?"

"माझं."